आयडीएलमध्ये एका विंडोतला आलेख दुसऱ्या विंडोत कॉपी केला की त्यावर काढलेले बिंदू भलत्याच जागी का पडतात?

तुमची अडचण मला समजली ती अशी: आयडीएल या विदा हाताळून आलेख काढायच्या संगणकभाषेत तुम्ही विंडो ० मध्ये भरतीचा वक्र काढला, विंडो २ मध्ये पावसाचा. मग भरतीचं चित्र डिव्हाइस कमांडच्या कॉपी कीवर्डने विंडो १ मध्ये आणलं. चित्र हुबेहूब आलं, पण ओप्लॉटने (आधीच्या आलेखावर भर घालणाऱ्या कमांडने) त्यावर बिंदू टाकले तर ते सगळे तळाशी चिकटून बसले. एरर काही नाही.

कॉपी करण्यात तुमचं काहीच चुकलेलं नाही. कॉपी जे करतं ते एवढंच आहे. त्याला तुम्ही सात आकडे देता: स्रोतातल्या चौकोनाचा खालचा डावा कोपरा (दोन आकडे), रुंदी, उंची, नव्या जागेचा कोपरा (पुन्हा दोन) आणि स्रोत विंडोचा क्रमांक. यातला एक तरी आकडा ‘तळाची रेघ म्हणजे ० मीटर’ असं सांगतो का? नाही. म्हणून पिक्सेल आले, मोजपट्टी आली नाही. सातबाऱ्याचा झेरॉक्स काढला म्हणून जमीन नावावर होत नाही, तसंच हे.

मग मोजपट्टी असते कुठे? आयडीएलच्या सिस्टिम व्हेरिएबल्समध्ये. (कमांडची नावं इथे देवनागरीत लिहितोय, टाइप तुम्ही नेहमीसारखीच करा.) !एक्स आणि !वाय या दोघांत एस नावाचं दोन आकड्यांचं फील्ड असतं. पहिला आकडा अधिक दुसरा गुणिले तुमची किंमत, की बिंदू विंडोच्या ० ते १ या मापात कुठे पडणार ते निघतं. अक्ष लॉगचा असेल तर किमतीऐवजी तिचा लॉग. गोम अशी की हे आकडे प्रत्येक विंडोचे वेगळे नसतात, अख्ख्या सेशनला मिळून एकच संच. शेवटचा प्लॉट ज्याने काढला, त्याचा. डब्ल्यूसेट (चालू विंडो निवडायची कमांड) केल्याने शाई कुठे पडणार एवढंच बदलतं, फूटपट्टी तीच राहते. तुमच्या बाबतीत ती पावसाची होती, ० ते १०० मिलिमीटरची. त्यावर ४ मीटरची भरती मांडली तर ती तळाशीच जाणार.

उपाय दोन ओळींचा आहे, एक साठवायची आणि एक परत आणायची, पण त्या योग्य जागी हव्यात. भरतीचा प्लॉट काढला की लगेच, दुसरं काहीही काढायच्या आधी, साठवून ठेवा:

विंडो, ०, एक्ससाइज=८००, वायसाइज=६००
प्लॉट, वेळ, भरती
पी० = !पी & एक्स० = !एक्स & वाय० = !वाय

मग पाऊस वगैरे जे काढायचं ते काढा. परत येताना:

विंडो, १, एक्ससाइज=८००, वायसाइज=६००
डिव्हाइस, कॉपी=[०, ०, ८००, ६००, ०, ०, ०]
!पी = पी० & !एक्स = एक्स० & !वाय = वाय०
ओप्लॉट, वेळ२, पातळी, पीसिम=४

मॅपसेट वापरून नकाशा काढला असेल तर !मॅपसुद्धा याच पद्धतीने साठवा.

पुष्कळ जण !एक्स आणि !वाय साठवतात आणि !पी विसरतात, कारण त्यात फक्त रंग आणि अक्षरांचा आकार असेल असं वाटतं. पण त्यातच क्लिप नावाचा चौकोन असतो, ज्याच्या बाहेरचं ओप्लॉट काढतच नाही. आणि तो पिक्सेलमध्ये मोजलेला असतो. मधे एखादा छोटा आलेख काढला असेल तर क्लिप त्याचाच राहतो आणि मोठ्या आलेखावरचे निम्मे बिंदू गायब होतात. विदा बघून बघून डोळे दुखतात, आणि विदा तर ठणठणीत असते.

आता माझी फजिती सांगतो, कारण तुमची पुढची पायरी तीच दिसते आहे. मी तेव्हा बेलापूरला एका छोट्या कन्सल्टन्सीत होतो. नवी मुंबईतला बराचसा भाग खाडीलगत भराव घालून केलेला, त्यामुळे ठिकठिकाणी होल्डिंग पॉण्ड आहेत. भरती चढली की त्यांची झडपेची दारं मिटतात आणि पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला दारं उघडून ते खाडीत जातं. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की कसोटी. तेच दाखवायला डावीकडे भरती मीटरमध्ये, उजवीकडे ताशी पाऊस मिलिमीटरमध्ये आणि वर तलावाची पातळी लाल बिंदूंनी, असा आलेख मी केला. (भरती आणि तलाव यांचं शून्य आधी जुळवावं लागतं, तो वेगळाच उपद्व्याप.)

उजवा अक्ष काढायला ॲक्सिस कमांड वापरतात, आणि पाऊस त्या अक्षावर बसावा म्हणून तिला सेव्ह हा कीवर्ड देतात. तो देताच !वाय पावसाचा होतो. मी बिंदू त्यानंतर काढले. आलेखात ऐन उधाणाला, ऐन पावसात तलाव जवळजवळ कोरडा! साहेब खूश झाले, चित्र अहवालात जाणार होतं. नशीब, आमच्यातल्या एकाने खिडकीतून खाली पार्किंगकडे बोट दाखवलं. तिथे घोटाभर पाणी होतं.

तेव्हा एका विंडोत दोन उभे अक्ष असतील तर !वायच्या दोन प्रती ठेवा, एक ॲक्सिसच्या आधीची, एक नंतरची. विंडोच्या नावाने ठेवू नका, अक्षाच्या नावाने ठेवा: वायभरती, वायपाऊस.

दोन्ही विंडोंचे आकार वेगळे असतील तर कॉपीचा नाद सोडा. कॉपी चित्र लहान-मोठं करत नाही. टीव्हीआरडी कमांडने पडद्यावरचं चित्र वाचून कॉन्ग्रिड कमांडने ताणता येतं, पण अक्षरं फाटतात. शिवाय समास अक्षरांच्या आकारावरून ठरतात, त्यामुळे वेगळ्या आकाराच्या विंडोत तोच प्लॉट काढला तरी चौकट वेगळ्या जागी येते. पोझिशन कीवर्ड दिला तरच ती हवी तिथे राहते.

स्रोत विंडो दुसऱ्या विंडोखाली झाकलेली असेल तर कॉपीत काळे ठिगळ येऊ शकतात. डिव्हाइसला रिटेन=२ द्या (म्हणजे झाकलेल्या भागाची प्रत आयडीएल स्वतः ठेवतं), नाहीतर स्रोत म्हणून पिक्समॅप विंडो वापरा. ती पडद्यावर नसतेच, त्यामुळे तिला कोणी झाकत नाही. खरं म्हणजे कॉपीचा खरा उपयोग मला तिथेच वाटतो: जड नकाशा एकदा पिक्समॅपमध्ये काढायचा आणि माउसबरोबर फिरणारी रेघ पुसायला दर वेळी तिथून उचलून आणायचा.

२०१० साली आलेल्या आयडीएल ८ मधली नवी प्लॉट फंक्शन्स वापरत असाल तर हा प्रश्न येत नाही. तिथे प्रत्येक आलेख आपली मोजपट्टी स्वतःजवळ बाळगतो आणि ओव्हरप्लॉटला कुठल्या आलेखावर काढायचं ते सांगता येतं. पायथनच्या मॅटप्लॉटलिब या आलेखांच्या लायब्ररीतही अक्ष आपापल्या मोजपट्टीसकट राहतात. फक्त एका फिगरमधली रेघ उचलून दुसरीत टाकू गेलात तर ते साफ नकार देतं आणि एरर देतं. मला तो नकार आयडीएलच्या गप्प बसण्यापेक्षा परवडतो.

आणि हाच आलेख पुढे छापायचा असेल तर आत्ताच सगळं रेखाटन एका प्रोसीजरमध्ये घाला. पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या फाइलीत पिक्सेल उचलून नेण्याचा प्रकारच नाही, तिथे आलेख नव्याने काढावाच लागतो. प्रोसीजर असेल तर विंडो १ साठीही तीच पुन्हा बोलवा. भरतीच्या एका वक्राला कितीसा वेळ लागतो?