मुलीला वकील करण्याआधी तुम्ही वकिलाकडे जा

प्रश्न : पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा माझा छोटा कारखाना आहे आणि मी आमच्या उत्पादक संघटनेचा पदाधिकारी आहे. मुलीला बारावी वाणिज्यला ८६ टक्के मिळाले. तिला अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करायचंय, पण मी तिला पाच वर्षांच्या लॉला घालणार आहे. संघटनेत आम्ही सगळे मिळून दर ठरवतो. हल्ली स्पर्धा कायद्याच्या नोटिसा येतात असं ऐकतो. आम्ही छोटे आहोत, शिवाय लेखी काही नसतं, त्यामुळे आज काळजी नाही. पण पुढे घरचाच वकील असला तर कागद नीट ठेवता येतील. या क्षेत्रात वाव आहे का? – एक पालक

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘आम्ही सगळे मिळून दर ठरवतो’ या वाक्यापाशी अडखळले. मुलीचे टक्के लिहावेत तितक्या सहजपणे तुम्ही ते लिहून गेलात. म्हणून तिच्या करिअरचं नंतर बोलू.

‘छोटे आहोत, लेखी काही नाही’ हा समज आधी मनातून काढा. कंपनीचा मोठेपणा मोजला जातो तो स्पर्धा कायद्याच्या कलम ४ मध्ये, म्हणजे बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर झाला का हे तपासताना. (तिथेही मोठं असणं बेकायदा नाही, गैरवापर बेकायदा आहे.) तुमचा प्रश्न कलम ३ चा आहे. एकमेकांच्या स्पर्धकांनी मिळून दर ठरवणं, गिऱ्हाइकं किंवा भाग वाटून घेणं, निविदा कोणी किती रकमेची भरायची ते आधीच ठरवणं, यात आकाराची सूट नाही. आणि ‘करार’ या शब्दाची कायद्यातली व्याख्याच अशी आहे की तोंडी समजूतसुद्धा त्यात येते. अशा करारामुळे स्पर्धेला बाधा आली असं कायदा गृहीत धरतो. ती आली नाही हे तुम्हाला दाखवावं लागतं. औषधविक्रेत्यांच्या संघटनांवर हा कायदा राबवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने एकामागून एक आदेश दिले आहेत, ते काही बलाढ्य कंपन्यांवरचे आदेश नव्हेत. असं संगनमत, म्हणजे कार्टेल, जितकी वर्षं चाललं त्यातल्या प्रत्येक वर्षासाठी नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, यातली मोठी असेल त्या रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. जबाबदार पदाधिकाऱ्यांवर वैयक्तिक दंडही होतो.

तेव्हा या आठवड्यात स्पर्धा कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाकडे जा. फोनमधला एकही मेसेज पुसू नका, इतिवृत्ताच्या वहीतलं एकही पान बदलू नका. त्यांना लेसर पेनल्टीबद्दल, म्हणजे दंडातल्या सवलतीबद्दल, विचारा. कार्टेलची खरी आणि पूर्ण माहिती घेऊन जो पहिला आयोगाकडे जातो, त्याचा दंड १०० टक्क्यांपर्यंत माफ होऊ शकतो. दुसऱ्याला सवलत ५० टक्क्यांपर्यंत, तिसऱ्याला ३० टक्क्यांपर्यंत. इथे क्रमांकाला किंमत आहे. मुलीच्या हाती सनद यायला निदान पाच वर्षं आहेत, आणि तुमच्यातला दुसरा कोणी तोवर थांबेलच असं नाही.

आता मुलीबद्दल. तिला काय करायचंय ते तुम्ही अर्ध्या वाक्यात सांगितलंत आणि लगेच ‘मी घालणार आहे’ म्हणालात. याचं मला खरंच वाईट वाटलं. ती वकील झालीच, तर तिचे पहिले अशील तिचे वडील असतील आणि त्यांना कागद ‘नीट’ करून हवे असतील. ती चांगली वकील असेल तर नाही म्हणेल. मग घरात काय होईल, याचा विचार केलात का? नाही म्हणण्याचं बळ तिच्यात नसेल, तर तिची सनदच धोक्यात. बापाच्या धंद्यातली भीती वाहून नेण्यासाठी मुलीने पाच वर्षं शिकायचं, हे मला मान्य नाही.

शिवाय कागद नीट ठेवणं हे स्पर्धा कायद्याच्या वकिलाचं काम नव्हेच. तो संघटनेच्या बैठकीत विषयपत्रिका समोर ठेवून बसतो. वाहतूक, कराचे बदल, कामगारांची सुरक्षितता यांवर चर्चा चालू देतो. चहा आल्यावर कोणीतरी सहज विचारतं, ‘मग पुढच्या महिन्यापासून काय दर धरायचा?’ तिथे तो बोलणं थांबवतो, हरकत इतिवृत्तात नोंदवायला लावतो, आणि विषय बदलला नाही तर आपल्या अशिलाला घेऊन उठतो. ते एक वाक्य पुढे जाऊ न देणं हीच त्याची कमाई. विक्री विभागाच्या लोकांना हेच शिकवणं, वितरकांशी होणारे करार तपासणं, आयोगाची झडती आली तर काय करायचं याची तालीम घेणं, असं बरंच काम कोर्टाबाहेर चालतं. वाव विचारलात, तर आहे, आणि वाढतो आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर व्यवहाराची किंमत २,००० कोटी रुपयांहून जास्त असेल, तर भारतात भरीव व्यवसाय असलेल्या कंपनीच्या खरेदी-विलीनीकरणालाही आयोगाची पूर्वमंजुरी लागते.

आणि तिचं अर्थशास्त्र या क्षेत्राच्या बाहेरचं आहे असं कोणी सांगितलं? वर्चस्वाच्या गैरवापराच्या आणि विलीनीकरणाच्या मोठ्या प्रकरणांत बहुधा पहिला वाद ‘बाजार’ कोणता यावरच असतो. खोक्यांचा भाव ५ ते १० टक्क्यांनी चढवला तर गिऱ्हाईक प्लॅस्टिकच्या क्रेटकडे वळेल का? वळत असेल तर क्रेटवालेही त्याच बाजारात धरायचे. हे आकडेवारीने दाखवायला अर्थतज्ज्ञच लागतो. आयोगाकडेही असतात आणि कंपन्यांच्या बाजूनेही. आयोगापुढे बाजू मांडायला तर सनदच हवी असंही नाही. कलम ३५ नुसार सीए, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंटही उभे राहू शकतात.

परीक्षांचं थोडक्यात : पाच वर्षांच्या लॉसाठी क्लॅट किंवा महाराष्ट्राची सीईटी, पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी.

तिला बी.ए. करू द्या. सांख्यिकी किंवा गणित जोडीला घेता आलं तर तिने जरूर घ्यावं. आयोगाचे आदेश त्याच्या संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. २०१२ चा सिमेंट कंपन्यांवरचा आदेश तिने सुट्टीत वाचावा. त्यातली बाजाराची चर्चा वाचताना रस वाटला की कंटाळा आला, ते तिने स्वतः मला कळवावं. तुमचं पत्र मात्र आधी वकिलाकडे जाऊ द्या.