आजोबांची 1974 ची येझदी मोटरसायकल 20 वर्षं पार्किंगमध्ये पडून आहे, घरच्या घरी रिस्टोर करता येईल का?

हो, नक्की येईल. फक्त तुम्ही जो क्रम लिहिलाय, आधी रंग आणि क्रोम, मग इंजिन, आणि कागदपत्रांचं नंतर बघू, तो पूर्ण उलटा करा. आधी कागद, मग इंजिन, आणि रंग सगळ्यात शेवटी, तोही लागला तरच. तुम्ही लिहिलंय की गाडी कोथरूडला सोसायटीत ताडपत्रीखाली आहे, आजोबा गेले त्याला बरीच वर्षं झाली, किक जाम आहे आणि भंगारवाला 8,000 द्यायला तयार आहे म्हणून आई म्हणते देऊन टाक. आईंना सांगा थोडं थांबा, प्लीज.

मी मेकॅनिक नाही. पिंपरीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, आणि धायरीला घरामागे 10 बाय 12 ची पत्र्याची शेड आहे तिथे मामाची 1979 ची येझदी उभी केली. मामाने ती सातारा रोडला आयुष्यभर चालवली आणि शेवटी आजारपणात मला म्हणाला तूच बघ आता हिच्याकडे. अडीच वर्षं लागली, त्यातलं जवळपास एक वर्ष चुकीच्या क्रमामुळे गेलं, म्हणून एवढं मोठं लिहितोय.

कागदांचं थोडक्यात. आरसी बुक शोधा, कपाटं, जुन्या फायली, एलआयसीच्या पावत्यांचं पाकीट, सगळं. त्यावरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः जुळवा, गंजलेल्या जागी रॉकेलचं फडकं आणि मऊ ब्रश वापरा, ग्राइंडर अजिबात लावू नका, नंबर घासला गेला तर गाडी कायमची अडकली. आजोबांच्या नावावर असेल तर वारस म्हणून नावावर करायला फॉर्म 31, नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म 25, आणि बुक हरवलंच असेल तर पोलिसात तक्रार देऊन डुप्लिकेटसाठी फॉर्म 26. एवढी जुनी नोंद बऱ्याचदा ऑनलाइन दिसतच नाही, मग संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून, घ्यावी लागते आणि त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून हे काम पहिलं.

तुमची गाडी 50 वर्षांच्या पुढची आहे म्हणून 2021 च्या नियमाप्रमाणे विंटेज म्हणूनही नोंदवता येते. नवीन नोंदणी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, आणि आधीच नोंदलेली गाडी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. पण तशी नोंदली की रोज ऑफिसला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. शिवाय गाडी मूळ रूपात असावी लागते. रविवारी सकाळी सिंहगड रोडला चक्कर मारायची इच्छा असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा असं माझं मत.

आता किक. येझदीत किक आणि गिअर एकाच दांड्यात आहेत हे तुम्हाला माहीत असेलच, दांडा आत दाबून वर फिरवला की किक, खाली पडला की गिअर, आणि गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो. 1929 साली प्रागमध्ये यानेचेकने काढलेली जावा ही मोटरसायकल कंपनी, तिचं हे डिझाइन, इराणी आडनावाच्या मंडळींनी म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढून 1961 पासून इथे बनवायला घेतलं, येझदी हे नाव त्यानंतरचं. गंमत वाटावी इतकी हुशार रचना आहे पण याचा अर्थ असा की जाम किकवर उभं राहून उड्या मारल्या तर किकबरोबर गिअरच्या शाफ्टचे दातेही जातात. असं करू नका, कुणालाही करू देऊ नका, सोसायटीतले उत्साही काका असले तरी. स्पार्क प्लग काढा, भोकातून अर्धा कप डिझेल आणि थोडं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल ओता, चार-पाच दिवस विसरून जा. मग चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळूहळू पुढे-मागे हलवा. चाकाबरोबर पिस्टन हलला, म्हणजे प्लगच्या भोकात घातलेली बांबूची काडी वर-खाली झाली, तर इंजिन मोकळं आहे आणि दोष फक्त किकच्या भागात आहे. चाक हललंच नाही तर परत डिझेल, परत चार दिवस. माझ्या गाडीला तीन आठवडे लागले होते.

आणि आता मुख्य गोष्ट. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकची, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याची, पेटी म्हणजे नुसती पेटी नाही, तो पंप आहे. पिस्टन वर जाताना खालच्या पेटीत पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढतो, खाली येताना तेच मिश्रण दाबून वर सिलिंडरमध्ये ढकलतो. म्हणजे ही पेटी हवाबंद असलीच पाहिजे, आणि ती हवाबंद ठेवतात क्रँकच्या दोन बाजूंचे दोन रबरी ऑइल सील. 20 वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत हे सील वाळून कडक होतात. दिसायला चांगले दिसतात, बोटाला मऊसुद्धा लागतात कधीकधी, पण क्रँकला धरत नाहीत. क्लचच्या बाजूचा गेला की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल पितं आणि थांबता न थांबणारा पांढरा धूर सुरू होतो, ते निदान दिसतं तरी. डायनामोच्या बाजूचा गेला की मात्र बाहेरची हवा आत शिरते आणि बाहेर काहीच दिसत नाही.

माझं तेच झालं. मी पिस्टन बदलला, ब्लॉक बोअर केला (म्हणजे सिलिंडर आतून कापून थोडा मोठा केला), रंग केला, क्रोम केलं, आणि सील "ठीक वाटतायत" म्हणून तसेच ठेवले. गाडी चालू झाली तेव्हा गल्लीतले लोक बाहेर आले, मामी रडली. पण एक लक्षण मी बघूनही सोडून दिलं, अॅक्सिलेटर सोडल्यावर रेस पटकन खाली येत नव्हती, दोन-तीन सेकंद वर तरंगायची. मला वाटलं केबल अडकतेय. मे महिन्यात जुन्या कात्रज घाटात चढावर दुसऱ्या गिअरमध्ये असताना इंजिन एकदम आवळलं, मागचं चाक लॉक झालं, हाताने क्लच दाबला म्हणून पडलो नाही. मागून ट्रक येत होता. बाजूला उभी केली तेव्हा हात थरथरत होते. घरी खोललं तर नवीन पिस्टनवर उभे ओरखडे, ब्लॉक परत पुढच्या साइजला बोअर करावा लागला. या इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 65 मिलीमीटर आणि प्रत्येक साइजला ब्लॉकचं आयुष्य थोडं संपतं, म्हणून ती एक साइज फुकट गेली याचं मला आजही वाईट वाटतं. कारण काय तर आतल्या जादा हवेमुळे मिश्रण पातळ झालं, पेट्रोल कमी म्हणजे त्यातून जाणारं ऑइलही कमी, आणि वर चढावाची उष्णता.

तेव्हा सील आणि क्रँकच्या बेअरिंग बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. इंजिन परत जोडल्यावर घरच्या घरी तपासायची एक पद्धत आहे, खर्च शून्य. जुनं काट्याचं बीपीचं यंत्र असतं ना, फुगा दाबायचं, त्याची नळी प्लगच्या भोकात घट्ट बसवायची, सायलेन्सरची दोन्ही तोंडं आणि कार्बोरेटरची जागा सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि पट्टी लावून बंद करायची, पिस्टन खाली आणायचा आणि फुगा दाबून काटा 250-300 वर न्यायचा. 300 म्हणजे साधारण 6 पीएसआय, यापुढे जाऊ नका. काटा पाच-सहा मिनिटं बऱ्यापैकी टिकला तर उत्तम, भराभर पडला तर साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवा, बुडबुडे येतील तिथे गळती. दुसऱ्यांदा जोडताना मी हे केलं तर सील नवीन असूनही काटा पडत होता, ब्लॉकच्या खालचं पॅकिंग नीट बसलं नव्हतं. रस्त्यावर कळण्यापेक्षा शेडमध्ये कळलं.

खोलताना एका वेळी एकच भाग खोला. सगळी गाडी एका शनिवार-रविवारी सुटी करायचा मोह होतो, मी केली, आणि पावसाळा आला, आणि वर्षभर ती खोक्यांत राहिली, कारण कुठला बोल्ट कुठला हे आठवेना. श्रीखंडाचे रिकामे डबे घ्या, प्रत्येकात एका भागाचे नट-बोल्ट, वर मार्करने नाव, आणि खोलायच्या आधी मोबाइलवर फोटो. इंजिनाच्या कव्हरचे सपाट डोक्याचे स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने हमखास खराब होतात, हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो तो आणा. जुन्या ब्रेक लायनिंगची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

सामानासाठी नाना पेठ. जावा-येझदीचं सामान ठेवणारे जुने दुकानदार अजून आहेत, पण फोनवर ऑर्डर देऊ नका, जुना पार्ट आणि मापायला व्हर्नियर घेऊन स्वतः जा. डुप्लिकेट मालात रबर दोन उन्हाळ्यात तडकतं आणि पत्रा पातळ येतो. म्हणून जुना ओरिजिनल पार्ट कितीही कुरूप दिसला तरी टाकू नका, चेनकव्हर, सायलेन्सर, मडगार्ड, हे जाड पत्र्याचे असतात आणि दुरुस्त होतात. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी, तिथे नशीब लागतं, मला डायनामोचं कव्हर तिथे एका पोत्यात मिळालं, तेवढ्यासाठी मी सहा रविवार गेलो होतो.

टाकी. आत गंज असणारच. लिंबूसत्व कोमट पाण्यात घालून दोन दिवस भरून ठेवा, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळा, लगेच वाळवा आणि आतून ऑइल फिरवा, नाहीतर पुण्याच्या पावसाळी हवेत रात्रीत परत तांबडी होते. भोक असेल तर वेल्डिंगवाल्याकडे तशीच नेऊ नका, वर्षानुवर्षं कोरडी असलेली टाकीसुद्धा आतल्या वाफेने फुटू शकते. आणि पेट्रोलचा पाइप, कॉकचे वॉशर नवीन घाला, आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि त्यात जुनं रबर फुगतं. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करा.

रंगाबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त विचारलंय आणि मी सगळ्यात कमी सांगणार आहे. गाडी चालू होऊन 500 किलोमीटर होईपर्यंत रंगाला हात लावू नका. तोवर ती धुवा, पॉलिश करा, आणि बघत राहा. तुमच्या फोटोत टाकीच्या डाव्या बाजूला रंग घासून पत्रा दिसतोय ना, तिथे आजोबांचा गुडघा टेकत असणार. मागच्या मडगार्डवर हाताने मारलेली पिवळी रेघ आहे ती अजून सरळ आहे. हे एकदा सँडपेपरखाली गेलं की गेलं. मी मामाच्या गाडीची अशीच एक गोष्ट घालवली. एका प्लेटिंगवाल्याने बफ मारून मारून टाकीच्या कडा गोल केल्या आणि तिथे मामाने कोरलेली दोन अक्षरं होती तीही गेली. त्याला सांगायला हवं होतं, मी सांगितलं नव्हतं. क्रोमला काही द्यायचंच असेल तर पार्टची यादी आणि फोटो तुमच्याकडे आणि प्लेटिंगवाल्याकडे, दोघांकडे ठेवा, कुठे बफ मारायचा नाही ते खडूने लिहा. आणि स्प्रे पेंटिंग घरी करायचं म्हणत असाल तर दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग बंद शेडमध्ये साध्या मास्कवर अजिबात मारू नका, त्याचे कण फुप्फुसाला कायमचं नुकसान करतात. पावसाळ्यात तर कुठलाच रंग नको, दमट हवेत दुधाळ उमटतो.

खर्च माझा 70,000 च्या आसपास गेला, त्यातले कात्रजच्या चुकीचे निदान 10,000. फक्त इंजिन, वायरिंग, ब्रेक, टायर एवढंच केलं असतं तर निम्म्यात झालं असतं. टायर दिसायला चांगले असले तरी बदलाच, 20 वर्षांचं रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही. बॅटरी 6 व्होल्टची आहे आणि ठिणगी तिच्यावर अवलंबून आहे, त्यामुळे ठिणगी येत नसेल तर कॉइल बदलायच्या आधी बॅटरी आणि अर्थिंगची वायर तपासा, आणि ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप 0.4 मिलीमीटर ठेवा.

ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, एका लिटरला 40 मिली टू-टी, नवीन पिस्टन बसवल्यावर पहिले काही 100 किलोमीटर 50 मिली. पंपावर टू-टीचं मशीन आता बहुतेक ठिकाणी दिसत नाही, म्हणून मी टूलबॉक्समध्ये खोकल्याच्या औषधाची 100 मिलीची बाटली ठेवतो, तिच्यावर खुणा असतात. आधी ऑइल टाकीत, मग पेट्रोल, म्हणजे धारेनेच ढवळलं जातं. या रविवारी मात्र फक्त प्लग काढा आणि डिझेल ओता, बाकी काही खोलू नका.