देश दोन, जोडीदार तीन

प्रश्न : 2018 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जोडी फिगर स्केटिंगचे सुवर्णपदक जर्मनीला मिळवून देणारी अल्योना सावचेंको पूर्वी युक्रेनकडून खेळत असे आणि तिने तीन जोडीदारांबरोबर ऑलिंपिक गाठले, असे वाचनात आले. देश आणि जोडीदार असे बदलता येतात का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : येतात, पण त्याची किंमत मोजावी लागते. सावचेंको यांचा जन्म 1984 मध्ये युक्रेनमधील ओबुखिव येथे झाला. स्तानिस्लाव मोरोझोव्ह यांच्यासोबत त्यांनी 2000 मध्ये कनिष्ठ गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि 2002 च्या ऑलिंपिकमध्ये ही जोडी पंधरावी आली. त्यानंतर जोडी फुटली. जोडी प्रकारात जोडीदार गेला की खेळच थांबतो आणि योग्य उंचीचा, योग्य दर्जाचा पुरुष स्केटर आपल्याच देशात मोकळा असेल याची शाश्वती नसते. त्यामुळे 2003 मध्ये त्या जर्मनीतील केम्निट्झला गेल्या आणि प्रशिक्षक इंगो श्टॉयर यांच्या हाताखाली रॉबिन शोल्कोव्ही यांच्याबरोबर सराव करू लागल्या.

येथे नियम समजून घ्यायला हवा. जागतिक स्पर्धेत जोडीपैकी एकच खेळाडू त्या देशाचा नागरिक असला तरी चालते. ऑलिंपिकमध्ये मात्र दोघांनाही नागरिकत्व लागते. शिवाय आधी दुसऱ्या देशाकडून खेळलेल्या खेळाडूला जुन्या महासंघाची परवानगी मिळवून ठरावीक काळ थांबावे लागते. सावचेंको यांना 2006 च्या ऑलिंपिकपूर्वी जर्मन नागरिकत्व मिळाले. शोल्कोव्ही यांच्यासोबत त्यांनी 2008, 2009, 2011, 2012 आणि 2014 अशी पाच जागतिक विजेतेपदे पटकावली. ऑलिंपिकमध्ये मात्र 2010 आणि 2014 मध्ये कांस्यपदकावरच समाधान मानावे लागले. गंमत म्हणजे 2014 चे सुवर्ण जिंकणाऱ्या तातियाना वोलोसोझार याही मूळच्या युक्रेनच्याच, त्यांचे पूर्वीचे जोडीदार हेच मोरोझोव्ह होते आणि त्याही देश बदलून रशियाकडून उतरल्या होत्या.

शोल्कोव्ही निवृत्त झाले तेव्हा सावचेंको तिशीत होत्या. इतके विजय नावावर असताना बहुतेकांनी तेथेच थांबणे पसंत केले असते. त्यांनी फ्रान्सचे ब्रुनो मासो यांची निवड केली आणि ओबर्स्टडॉर्फ येथे अलेक्झांडर कोनिग यांच्याकडे सराव सुरू केला. फ्रान्सच्या महासंघाची परवानगी 2015 च्या शरद ऋतूपर्यंत मिळाली नाही, त्यामुळे 2014-15 चा संपूर्ण हंगाम स्पर्धेविना गेला. मासो यांना जर्मन भाषेच्या परीक्षेत आधी अपयश आले आणि नागरिकत्व ऑलिंपिकला जेमतेम तीन महिने उरले असताना, नोव्हेंबर 2017 मध्ये पदरात पडले.

माझ्या मते कागदपत्रांपेक्षाही शरीराची सवय बदलणे अधिक कठीण असते. ट्विस्ट या प्रकारात पुरुष जोडीदारणीला डोक्याच्या वर उंच फेकतो, ती हवेत आडवी होऊन तीन गिरक्या घेते आणि खाली येताना तो तिला कमरेशी झेलतो. फेक उंच गेली की हवेत मिळणारा वेळ वाढतो, म्हणून गिरकी कधी सुरू करायची आणि कधी मोडायची याचा अंदाज नव्या जोडीदाराबरोबर पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागतो. मासो यांची फेक विलक्षण उंच होती आणि या जोडीचा ट्विस्ट जाणकारांच्या कौतुकाचा विषय ठरला, तो या नव्याने बसवलेल्या अंदाजाच्या जोरावर.

प्रश्न : 2018 च्या ऑलिंपिकमध्ये शॉर्ट प्रोग्रॅमनंतर चौथ्या क्रमांकावर असलेल्या सावचेंको-मासो जोडीला सुवर्ण कसे मिळाले? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : शॉर्ट प्रोग्रॅम हा छोटा आणि फ्री स्केट हा मोठा, अशा दोन्ही कार्यक्रमांच्या गुणांची बेरीज होते, म्हणून. प्योंगचांगमधील शॉर्ट प्रोग्रॅममध्ये मासो यांनी तिहेरी (तीन गिरक्यांच्या) सॅल्को उडीऐवजी दुहेरीच मारली, त्यामुळे जोडीला 76.59 गुण मिळाले आणि चीनच्या सुई वनजिंग व हान त्सोंग यांच्या 82.39 गुणांपेक्षा ती जवळजवळ सहा गुणांनी मागे पडली. दुसऱ्या दिवशी फ्री स्केटमध्ये सावचेंको आणि मासो यांनी 159.31 गुण मिळवले, जो तेव्हाचा विक्रम होता. चिनी जोडीच्या उड्यांमध्ये चुका झाल्या आणि तिला 153.08 गुण मिळाले. एकूण हिशेब 235.90 विरुद्ध 235.47 असा झाला, म्हणजे फरक अवघ्या 0.43 गुणांचा. सावचेंको तेव्हा 34 वर्षांच्या होत्या आणि हे त्यांचे पाचवे ऑलिंपिक होते. काहींना हा केवळ नशिबाचा खेळ वाटला. परंतु पुढच्याच महिन्यात मिलान येथील जागतिक स्पर्धेत याच जोडीने 245.84 गुणांचा नवा विक्रम करत रौप्यविजेत्यांना वीसहून अधिक गुणांनी मागे टाकले आणि सावचेंको यांचे ते सहावे जागतिक विजेतेपद ठरले.