लॅटिनो लोकांना हेपेटायटिस सी असल्याचं इतकी वर्षं कळत कसं नाही?

तुमच्या किचनमधल्या पोर्टो रिकन सहकाऱ्याला 58व्या वर्षी हेपेटायटिस सी निघाला. त्याच्या लोकांत, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या 'लॅटिनो' लोकांत, हा आजार जास्त असतो का आणि इतकी वर्षं त्याला पत्ता कसा लागला नाही, असं तुम्ही विचारलंय. मी शिकागोत, हम्बोल्ट पार्कजवळच्या एका छोट्या क्लिनिकमध्ये नऊ वर्षं नर्स आहे. आमचे बहुतेक पेशंट स्पॅनिश बोलणारे.

आधी एक सांगते. हा यकृताचा विषाणूजन्य आजार रक्तातून पसरतो. एकत्र जेवल्याने किंवा मिठी मारल्याने होत नाही. त्याच्यापासून लांब राहू नका.

'लॅटिनो' म्हणून सगळ्यांना एका मापाने मोजू नका. ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो इथे 2008 ते 2011 या काळात 16 हजारांहून जास्त लॅटिनो प्रौढांची तपासणी झाली. एकूण प्रमाण सुमारे 2 टक्के निघालं. पण पोर्टो रिकन पुरुषांत ते 11 टक्क्यांच्या वर होतं, आणि दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पुरुषांत अर्धा टक्कासुद्धा नव्हतं. लागण असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना आपल्याला काही झालंय हेच ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे हेपेटायटिस म्हटलं की कावीळ डोळ्यांसमोर येते. सी मध्ये बहुतेकांना कावीळ होतच नाही. वीस-तीस वर्षं यकृत मुकाट्याने खराब होत राहतं आणि माणूस डबल शिफ्ट करत असतो.

पण मला जास्त सलतं ते अर्धवट सांगणं. मागच्या हिवाळ्यात एक आजोबा आले होते. "नो मे दुएले नादा," म्हणाले, म्हणजे काहीच दुखत नाही. मग पाकिटातून घडीवर विरलेला एक कागद काढला. सहा वर्षांपूर्वीचा, दुसऱ्या एका दवाखान्यातला, सगळा इंग्रजीत. अँटीबॉडी पॉझिटिव्ह. पुढची तपासणी कोणी केली नव्हती, समजावलंही नव्हतं. त्यांना वाटत होतं, तो बरं असल्याचा दाखला आहे. सहा वर्षं जपून ठेवला होता हो त्यांनी!

अँटीबॉडी म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला. तो आत्ता आहे का, हे आरएनए तपासणीतूनच कळतं, ती रक्तात प्रत्यक्ष विषाणू शोधते. आजोबांच्या रक्तात तो होता. औषधाचं नाव काढताच ते घाबरले, कारण त्यांच्या भावाने या आजारावरच्या जुन्या औषधाची, इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेतली होती, वर्षभर ताप आणि उदासी. आता तसं नाही. 2013च्या अखेरीस सोफोसबुवीर हे गोळीचं औषध आलं आणि सगळंच बदललं. आठ ते बारा आठवडे रोज गोळ्या, शंभरातले पंचाण्णवहून जास्त बरे होतात. आजोबाही झाले.

तेव्हा सहकाऱ्याला विचारा, आरएनए तपासणी झाली का? गोळ्या सुरू करण्याआधी हेपेटायटिस बी सुद्धा तपासायला हवा, कारण सी वरच्या उपचारात तो उसळू शकतो. 2020 पासून इथे 18 वर्षांवरच्या प्रत्येकाने एकदा तरी हेपेटायटिस सी ची तपासणी करावी अशी शिफारस आहे, त्यामुळे त्याच्या बायकोने आणि मोठ्या मुलांनीही करावी. तुम्हीसुद्धा. आणि त्याचं इंग्रजी कामापुरतं असेल तर दुभाषा मागायला सांगा. सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्यांना तो फुकट द्यावाच लागतो. मुलाला भाषांतराला बसवू नका, लागण कशी झाली असेल, ही बापाची जुनी गोष्ट त्याच्यासमोर निघणार नाही.