खेळातला एक नियम काढून पाहा

प्रश्न : आमचे चौघांचे कुटुंब गेले चार महिने दर रविवारी ‘कॅटान’ हा पटावरचा खेळ खेळते. नववीतील मुलाला आता स्वतःचा खेळ तयार करायचा आहे आणि त्यासाठी आणखी खेळ विकत आणावेत, असा त्याचा आग्रह आहे. खेळून खेळून खेळाची रचना समजते का?
— एक पालक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नुसते खेळून समजत नाही, कारण सारे लक्ष हार-जितीत गुंतते; पण नवे खेळ आणण्याचीही गरज नाही. हातातल्या खेळातला एकच नियम बदलावा, डाव खेळावा आणि काय बिघडले ते चौघांनी पाहावे.

क्लाउस टॉयबर यांच्या १९९५ मधील या खेळात जमिनीतून मिळणाऱ्या मालाचे पत्ते जमवून वस्ती वाढवायची असते. बंदर, म्हणजे स्वस्तात अदलाबदल करून देणारी पटावरची जागा, नसलेल्या खेळाडूला पेढीकडून (सामाईक गठ्ठ्यातून) एक पत्ता घेण्यासाठी एकाच मालाचे चार पत्ते द्यावे लागतात. हा भाव मुद्दाम चढा ठेवलेला आहे. तो परवडत नाही म्हणूनच समोरच्याशी बोलणे भाग पडते. येत्या रविवारी तो सर्वांसाठी दोनास एक करा. जो तो पेढीकडे वळेल आणि तुमच्या टेबलावरची घासाघीस बहुधा थांबेल. दुसऱ्याची नड ओळखून भाव सांगण्यातली गंमत हळदीच्या सौद्यांच्या गावाला वेगळी सांगायला नको.

त्यानंतरच्या डावात चोर, म्हणजे ज्या जमिनीवर बसेल तिचे उत्पन्न रोखणारी सोंगटी, काढून टाका. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी सहांत ७ पडतो आणि ७ पडला की चोर हलवायचा असतो, म्हणजे तो वरचेवर हलतो. त्याला आघाडीवरच्याच जमिनीवर बसवा, असे नियमात कोठेही लिहिलेले नाही. तरीही बहुतेक घरांत तसेच घडते. पुढे गेलेल्याला आवरण्याचे काम रचनाकाराने खेळाडूंच्या मत्सरावर सोपवले आहे, आणि मला तरी हीच या खेळातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते.

भाऊसाहेब पडसलगीकरांनी बुद्धिबळ रुजवलेल्या सांगलीत फाशांच्या खेळाला कोणी नाक मुरडेलही. परंतु बुद्धिबळात घरातला कच्चा खेळाडू दर रविवारी हरला असता आणि चार महिने टिकला नसता.

चिरंजीवांचा खेळ पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आखला तरी पुरे. तो शेजारच्या मुलांना नियमांच्या कागदासह द्यावा आणि त्याने स्वतः तोंड मिटून बाजूला बसावे. ती जेथे अडतील, तेथला नियम त्याच रात्री पुन्हा लिहावा.