जोडलेले दिसते, पण नेट नाही: लिनक्सबद्दल वाचकांचे प्रश्न

या सदरात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापतो. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांनीच टाइप कराव्यात. एखादे अक्षर मोठे हवे असेल तर तिथे तसे सांगितले आहे.

आणखी एक विनंती. ‘नेट चालत नाही’ एवढ्यावर काहीच सांगता येत नाही. पत्र पाठवण्याआधी तीन पिंग (पलीकडून उत्तर येते का ते पाहणारी कमांड) करून पाहा. पहिला राउटरला. त्याचा पत्ता ‘आयपी राउट’ या कमांडच्या उत्तरात ‘डीफॉल्ट व्हाया’च्या पुढे दिसतो, बहुधा १९२.१६८.१.१ असतो. दुसरा १.१.१.१ या पत्त्याला आणि तिसरा एखाद्या संकेतस्थळाला, नावाने. गाडी कोणत्या स्टेशनावर अडली ते कळले तर उत्तर नेमके देता येते.

प्रश्न: आमच्या भागात वीज जाऊन आली की पीसी आपोआप सुरू होतो, बायोसमध्ये तशी सोय केली आहे. पण वायरचे नेट लागत नाही. केबल काढून पुन्हा घातली की लगेच लागते. कधी काहीच केले नाही तरी सात-आठ मिनिटांनी लागते. केबल बदलली, फरक नाही. लिनक्स मिंट वापरतो.
— सिंहगड रस्त्यावरून एक वाचक

उत्तर: केबल निर्दोष आहे, बिचारीला उगाच शिक्षा झाली. इथे शर्यत आहे ती पीसी आणि राउटर यांच्यात, आणि पीसी लवकर पोहोचतो हीच अडचण. एसएसडी असलेला पीसी अर्ध्या मिनिटात उभा राहतो. फायबरचा डबा आणि राउटर यांना मात्र पूर्ण सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे लागू शकतात. राउटरच्या लॅन पोर्टचा दिवा वीज येताच लागतो, म्हणून पीसीला वाटते की पलीकडे कोणीतरी आहे. पण आयपी पत्ता वाटणारी डीएचसीपी सेवा तेव्हा अजून झोपलेली असते.

नेटवर्कमॅनेजर, म्हणजे लिनक्समधला नेटजोडण्या सांभाळणारा प्रोग्राम, पत्त्यासाठी ४५ सेकंद थांबतो. मिळाला नाही तर ती जोडणी फसली असे धरून पुन्हा प्रयत्न करतो. असे चार प्रयत्न फसले की ते प्रोफाइल (त्या जोडणीच्या सेटिंगचा संच) पाच मिनिटे बाजूला ठेवतो. तुमचे ‘काहीच न करता लागते’ ते ही पाच मिनिटे संपल्यामुळे. केबल काढून घातली की दुवा तुटून नव्याने जुळतो आणि प्रयत्नांची मोजणी शून्यावर येते, म्हणून तो उपाय लगेच लागू पडतो.

खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी वीज आल्यावर ‘जर्नलसीटीएल -यू नेटवर्कमॅनेजर -बी’ ही कमांड द्या. नेटवर्कमॅनेजर हा एकच शब्द आहे, त्यातले एन आणि एम मोठे. ‘डीएचसीपी४’ असलेल्या ओळींत ‘टाइमआउट इन ४५ सेकंड्स’ असे वारंवार दिसले तर निदान पक्के.

आता उपाय. ‘एनएमसीएलआय कनेक्शन शो’ ने प्रोफाइलचे नाव पाहा. मिंटवर ते बहुधा ‘वायर्ड कनेक्शन १’ असते, डब्ल्यू मोठा. मग अशी कमांड द्या: एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय "वायर्ड कनेक्शन १" कनेक्शन.ऑटोकनेक्ट-रिट्राइज ० आयपीव्ही४.डीएचसीपी-टाइमआउट १२०. नावाभोवतीची अवतरणचिन्हे विसरलात तर तीन शब्दांचे तीन तुकडे होतील आणि कमांड चूक दाखवेल. शून्य म्हणजे ‘प्रयत्न करू नकोस’ असे नव्हे, उलट ‘थांबूच नकोस’. या सेटिंगमध्ये शून्याचा अर्थ अमर्याद असा आहे आणि इथेच पुष्कळ जण फसतात.

याहून सोपा मार्ग म्हणजे राउटर आणि फायबरचा डबा यांना छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावणे. घेण्याआधी दोन्ही अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा. एक डबा १२ व्होल्टचा आणि दुसरा ९ चा निघू शकतो, आणि पिन सारखीच असल्यामुळे चूक लक्षात येत नाही.

प्रश्न: १.१.१.१ ला पिंग जाते, पण नावाने एकही साइट उघडत नाही. /एटसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ या फाइलमध्ये नेमसर्व्हर ८.८.८.८ लिहिले की सगळे चालते. मशीन पुन्हा सुरू केले की ओळ गायब. कोणी सांगितले की ‘चॅटर +आय’ ने फाइल कुलूपबंद कर. करू का?
— कर्वेनगरहून एक विद्यार्थिनी

उत्तर: करू नका. कुलूप लावल्यावर कॉलेजच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर लॉगिनचे पान उघडणार नाही, व्हीपीएन लावला तर त्याचे डीएनएसही (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) नोंदले जाणार नाही. आणि सहा महिन्यांनी हे कुलूप आपणच लावले होते, हेही आठवणार नाही.

‘एलएस -एल /एटसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ करून पाहा. उबुंटू आणि मिंटवर ही खरी फाइल नसते, /रन/सिस्टमडी/रिझॉल्व्ह/ मधल्या स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फकडे बोट दाखवणारा दुवा असतो. /रन ही फोल्डर रॅममध्ये असते. वीज गेली की तिथले सगळे पुसले जाते आणि सुरू होताना नव्याने लिहिले जाते. तुमची ओळ कोणी चोरली नाही, पाटीवर खडूने लिहिली होती एवढेच. फाइलमध्ये १२७.०.०.५३ दिसत असेल तर तेही चुकीचे नाही. तो तुमच्याच मशीनमधल्या सिस्टमडी-रिझॉल्व्हडी या नावे शोधणाऱ्या सेवेचा पत्ता आहे. खरा डीएनएस कोणता चालू आहे ते ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ सांगेल.

बदल प्रोफाइलमध्ये करा, तिथे तो टिकतो. ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’ आणि प्रोफाइलचे नाव, त्यापुढे आयपीव्ही४.डीएनएस "१.१.१.१ ८.८.८.८" आणि आयपीव्ही४.इग्नोर-ऑटो-डीएनएस येस. मग ‘एनएमसीएलआय कनेक्शन अप’ आणि तेच नाव. एवढे करूनही राउटरचाच बिघडलेला डीएनएस वापरला जात असेल तर तो आयपीव्ही६ च्या वाटेने येतो आहे. पुष्कळ फायबर राउटर आता दोन्हीकडून डीएनएस देतात. तेव्हा आयपीव्ही६.इग्नोर-ऑटो-डीएनएस येस हेही जोडा.

आधी कोणी कुलूप लावून ठेवले असेल तर ‘सुडो चॅटर -आय’ ने काढा आणि दुवा परत बसवा: सुडो एलएन -एसएफ /रन/सिस्टमडी/रिझॉल्व्ह/स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फ /एटसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ. डेबियनवाल्यांनी ही शेवटची कमांड देऊ नये. तिथे सिस्टमडी-रिझॉल्व्हडी मुळात बसवलेलेच नसते, त्यामुळे दुवा हवेत लोंबकळेल.

प्रश्न: जुन्या पीसीवर रोज सकाळी सगळ्या साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणतात. तिन्ही पिंग व्यवस्थित जातात.
— सदाशिव पेठेतील एका कार्यालयातून

उत्तर: ‘टाइमडेटसीटीएल’ देऊन तारीख पाहा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असणार. रात्री मेन स्विच बंद केला की घड्याळ मागे जाते आणि ब्राउझरच्या दृष्टीने साइटचे प्रमाणपत्र ‘भविष्यातले’ ठरते. पिंगला तारखेशी काही देणेघेणे नाही, म्हणून ते चालते. नवा सेल ३ व्होल्टचा असतो, मल्टिमीटरवर २.७ च्या खाली दिसला तर बदला.

नेट असूनही घड्याळ आपोआप सुधारत नाही, याचे कारण बहुतेक कार्यालयाच्या फायरवॉलमध्ये आहे. वेळ जुळवण्यासाठी यूडीपी पोर्ट १२३ लागतो आणि तो बऱ्याच ठिकाणी अडवलेला असतो. ‘सिस्टम क्लॉक सिंक्रोनाइझ्ड’च्या पुढे ‘नो’ दिसले तर तो उघडून घ्या. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर मात्र सेलचा दोष नाही. त्याच मशीनवर विंडोज आहे, ते घड्याळात भारतीय वेळ लिहिते आणि लिनक्स तिला यूटीसी समजते.

प्रश्न: तपकीर गल्लीतून छोटा यूएसबी वायफाय घेतला. विंडोजवर चालतो, मिंट २१ वर नेटऐवजी सीडी दिसते!
— नारायण पेठेतून एक वाचक

उत्तर: ती सीडी म्हणजे विंडोजचा ड्रायव्हर, त्या डोंगलच्याच पोटात ठेवलेला. ‘एलएसयूएसबी’ करा. ०बीडीए:१ए२बी असा क्रमांक दिसला तर डोंगल अजून सीडीच्याच वेषात आहे. फाइल मॅनेजरमध्ये त्या सीडीवर उजवे क्लिक करून ‘इजेक्ट’ म्हटले की बहुधा वेष उतरतो. नाही उतरला तर यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज घालून ‘सुडो यूएसबी_मोडस्विच -के -व्ही ०बीडीए -पी १ए२बी’ द्या, यातला के मोठा. पुन्हा ‘एलएसयूएसबी’ केल्यावर क्रमांक बदललेला दिसला पाहिजे, उदाहरणार्थ ०बीडीए:सी८११.

पण अर्धेच काम झाले. सी८११ या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) ६.२ पासून आहे आणि मिंट २१ सुरुवातीला ५.१५ वर येते. ‘युनेम -आर’ ने तुमचा क्रमांक पाहा. अपडेट मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’ खाली ‘लिनक्स कर्नल्स’ आहे, तिथून नवा कर्नल घाला. त्यासाठी नेट कुठून आणायचे? फोन यूएसबी केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. दुकानदाराने दिलेल्या सीडीतला किंवा कुठून तरी उतरवलेला ड्रायव्हर स्वतः कंपाइल करण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नका. पुढच्या कर्नल अपडेटला तो पुन्हा बंद पडण्याची शक्यता असते.

प्रश्न: घरच्या ब्रॉडबँडवर काही साइट झटकन उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात. मोबाइल हॉटस्पॉटवर त्याच साइट नीट चालतात. कंपनीचा व्हीपीएन जोडला जातो पण त्यातून काही पुढे सरकत नाही.
— हडपसरहून एक वाचक

उत्तर: पत्रातले ‘काही उघडतात, काही नाही’ हे शब्दच उत्तर आहेत. डीएनएस बिघडले असते तर सगळ्याच अडल्या असत्या. हा एमटीयूचा, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल आकाराचा, घोळ दिसतो.

इथरनेटचे एक पाकीट १५०० बाइटचे. तुमचा सेवादार युजरनेम-पासवर्डने लॉगिन करायला लावत असेल, म्हणजे पीपीपीओई वापरत असेल, तर प्रत्येक पाकिटात ८ बाइट त्याच्या शिक्क्याला जातात आणि उरतात १४९२. जोडणी होताना तुमचा पीसी समोरच्याला सांगतो की माझ्याकडे १४६० बाइटपर्यंतचा मजकूर पाठव. हा आकडा खाली आणण्याचे काम राउटरचे, पण ते त्याने केले नाही तर समोरून मोठी पाकिटे येतात आणि वाटेत अडतात. ‘पाकीट लहान कर’ असा आयसीएमपी निरोप मागे जातो. पण काही साइटच्या फायरवॉल असा निरोप आतच येऊ देत नाहीत. त्यांना वाटते पाकीट पोहोचले, तुम्ही वाट बघत बसता.

तपासणी अशी: पिंग -एम डू -एस १४७२ -सी ३ १.१.१.१. यातला पहिला एम मोठा. मग १४७२ च्या जागी १४६४ घाला. १४७२ हा आकडा १५०० मधून २८ वजा करून आला, २० बाइट आयपीचे आणि ८ आयसीएमपीचे. १४७२ अडले आणि १४६४ गेले तर एमटीयू १४९२ आहे. १४६४ ही अडले तर दहा-दहाने उतरत जा, जे पहिले जाईल त्यात २८ मिळवा.

दुरुस्तीची योग्य जागा राउटर आहे. त्याच्या वॅन पानावर एमटीयू १४९२ आहे का आणि ‘एमएसएस क्लॅम्पिंग’ चालू आहे का ते बघा. तिथे एमएसएसचा, म्हणजे पाकिटातल्या मजकुराच्या मर्यादेचा, आकडा १४५२ असतो. राउटर कुलूपबंद मिळाला असेल तर पीसीवरच करा: एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय, प्रोफाइलचे नाव, ८०२-३-इथरनेट.एमटीयू १४९२, आणि मग कनेक्शन अप. वायफाय असेल तर ८०२-३-इथरनेटच्या जागी ८०२-११-वायरलेस. मात्र हे फक्त त्या एका मशीनपुरते झाले, घरातला टीव्ही तसाच अडखळत राहील.

व्हीपीएनचा हिशेब वेगळा. वायरगार्ड असेल तर तो स्वतःचे ८० बाइट धरून १४२० वर चालतो, पण ते १५०० गृहीत धरून. तुमच्याकडे १४९२ असल्याने त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘इंटरफेस’ भागात एमटीयू = १४१२ लिहा, एम, टी, यू तिन्ही मोठे.

प्रश्न: उबुंटू सुरू होताना ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ असे लिहून दोन मिनिटे थांबते.
— भोसरीतील एका वर्कशॉपमधून

उत्तर: ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम’ मध्ये सर्वांत वर ‘सिस्टमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन’ दिसेल. त्याची मुदत बरोबर १२० सेकंदांची. डेस्कटॉपवर नेट सांभाळतो नेटवर्कमॅनेजर, आणि कोणीतरी सर्व्हरच्या सूचना वाचून नेटवर्कडीही (नेट सांभाळणारी दुसरी सेवा) चालू केलेले आहे. ते ज्या कार्डाची वाट बघते ते त्याच्या ताब्यातच नाही. ‘सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल सिस्टमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन’ द्या आणि त्याच पद्धतीने सिस्टमडी-नेटवर्कडीही बंद करा. त्याआधी ‘एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस’ मध्ये तुमच्या कार्डापुढे ‘कनेक्टेड’ आहे याची खात्री करा. ‘अनमॅनेज्ड’ असेल तर नेटवर्कडी बंद करताच नेटही जाईल.

वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगच्या फाइल नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यावर) ठेवलेल्या असतील तर /एटसी/एफस्टॅबमध्ये त्या ओळीत _नेटडेव्ह,नोफेल,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट हे तीन पर्याय स्वल्पविरामांनी जोडून, मध्ये जागा न सोडता घाला. मग नॅस बंद असला तरी मशीन त्याच्यासाठी अडून बसणार नाही, फोल्डर उघडल्यावरच तो शोधला जाईल.