कोणते गायक नकळत स्वतःचीच नक्कल होऊन बसले?
मला प्रथम एल्व्हिस प्रेस्ली आठवतो. १९६८ च्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात काळ्या चामडी पोशाखात गाणारा एल्व्हिस कमालीचा जिवंत वाटतो. १९६९ पासून मात्र लास वेगासच्या एकाच हॉटेलात, बहुधा रात्री दोन-दोन खेळ करताना, गाण्यापेक्षा ठरावीक सोपस्कारच वाढत गेले. जर्मन संगीतकार रिचर्ड स्ट्राउसच्या भारदस्त सुरावटीवर प्रवेश, खड्यांनी मढवलेला पांढरा पोशाख, कराटेचे हातवारे, आणि सहकाऱ्याने गळ्यात घातलेल्या रुमालाने घाम टिपून तो प्रेक्षकांकडे देणे, की लगेच दुसरा रुमाल हजर! त्याची सोंगे काढणाऱ्यांनी पुढे नेमके हेच उचलले. दोष एकट्या एल्व्हिसचा म्हणवत नाही, कारण व्यवस्थापक टॉम पार्करने त्याला युरोप-आशियात गायला कधी नेलेच नाही. आवाज तर, माझ्या मते, १९७७ मधल्या मृत्यूपर्यंत बराचसा शाबूत होता.